आरमधून सीचं फंक्शन बोलवताना: एका शेततळ्याचा हिशोब, पायरीपायरीने

सांगोल्याकडची एक विद्यार्थिनी गेल्या उन्हाळ्यात प्रकल्पाचं काम घेऊन आली. प्रश्न तिच्या घरचाच होता. "सर, आण्णा विचारतात, तळं केवढं खोदायचं?" डाळिंबाची बाग, विहीर उन्हाळ्यात आटलेली, आणि पाऊस सोलापूर जिल्ह्याचा: वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. तिने आर या आकडेमोडीच्या संगणक-भाषेत ३० वर्षांच्या रोजच्या पावसाच्या १००० काल्पनिक मालिका तयार केल्या, तळ्याचे २० वेगवेगळे आकार घेतले आणि प्रत्येक दिवशी तळ्यात किती पाणी उरतं ते मोजायला लागली. ३० वर्षं म्हणजे १०,९५० दिवस. गुणाकार केला तर २१ कोटी ९० लाख पावलं. फॉर लूप सुरू करायची, चहा प्यायची, परत यायची, एक आकडा बदलायची आणि पुन्हा वाट बघायची.

तिच्यासोबत बसून मी जे केलं तेच इथे लिहितो आहे. आर, लूप आणि व्हेक्टर माहीत आहेत आणि सी थोडीफार वाचता येते, एवढं गृहीत धरलं आहे. कोड वर्गात वाचून दाखवतात तसा देवनागरीत दिला आहे. की-बोर्डवर तो नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करायचा. चलांची नावं तुमच्या सोयीची ठेवा.

आधी सी खरंच लागते का ते बघा

हिशोब सोपा आहे. कालचा साठा, अधिक आजची आवक, वजा आजचा वापर. उत्तर तळ्याच्या क्षमतेपेक्षा जास्त आलं तर क्षमतेइतकंच धरायचं, बाकीचं पाणी सांडव्यावरून गेलं. उत्तर शून्याखाली गेलं तर शून्य.

नुसती बेरीज असती तर कमसम हे आरचं तयार फंक्शन पुरलं असतं. फक्त खालची मर्यादा असती तरी कमसम आणि कममिन जोडून काम निभावलं असतं. वर आणि खाली दोन्हीकडे कात्री लागली की मात्र आजचं उत्तर कालच्या कातरलेल्या उत्तरावर उभं राहतं, आणि एका मालिकेपुरतं तरी व्हेक्टरच्या एका झटक्यात ते निघत नाही.

तरीही एक वाट उरते, आणि ती पुष्कळांच्या नजरेतून सुटते. लूप उलटा करा. मालिकांवर लूप फिरवण्याऐवजी दिवसांवर फिरवा, आणि प्रत्येक दिवशी सगळ्या १००० मालिकांचा साठा पीमिन आणि पीमॅक्स वापरून एकदम काढा. २१ कोटी पावलांऐवजी आरला प्रत्येक आकारासाठी १०,९५० पावलंच टाकावी लागतात. साध्या हिशोबाला एवढं पुरतं, आणि पुरत असेल तर इथेच थांबा. आर ३.४.० पासून, म्हणजे २०१७ पासून, लूप आपोआप बाइटकोडमध्ये बदलतो, त्यामुळे आरचा लूप पूर्वीइतका सुस्तही राहिलेला नाही. आरप्रॉफ चालवून वेळ नेमका कुठे जातो ते बघितल्याशिवाय सीला हात लावू नका.

तिच्या बाबतीत अटी वाढत गेल्या. पाण्याची पातळी उतरली की पृष्ठभाग आकसतो, मग बाष्पीभवन कमी. बहर धरल्यावर बागेची तहान बदलते. तळं कोरडं पडलं की टँकर. इफएल्समध्ये इफएल्स घालत गेल्यावर आठवड्याने तिलाच तो कोड वाचता येईना. सीचा साधा, सरळ लूप इथे वेगवान तर होताच, वाचायलाही सोपा होता. खाली मी मुद्दाम मूळचा दोन कात्र्यांचा हिशोबच घेतला आहे, म्हणजे लक्ष बोलावण्याच्या पद्धतीवर राहील.

हत्यारं

विंडोजवर आरटूल्स बसवावं लागतं, आणि ते तुमच्या आरच्या आवृत्तीशी जुळणारंच हवं: आर ४.४ ला आरटूल्स ४४, आर ४.५ ला आरटूल्स ४५. उबुंटूवर आर-बेस-डेव्ह हे पॅकेज, मॅकवर एक्सकोडची कमांड लाइन टूल्स. बस्स.

पहिली पायरी: डॉट सी

आरमधून बाहेरचं फंक्शन बोलवणं ही मागाहून चिकटवलेली सोय नाही. आर ज्या एस भाषेच्या वळणावर बनली, ती बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये सुरू केली, आणि फोर्ट्रानमधली गणिती फंक्शनं सहज वापरता यावीत हा तिच्या जन्मामागचा एक हेतू होता. त्यातला सगळ्यात जुना आणि समजायला सोपा दरवाजा म्हणजे डॉट सी.

तळे.सी नावाची फाइल करा आणि त्यात हे लिहा:

व्हॉइड तळे(डबल *आवक, डबल *वापर, इंट *दिवस, डबल *क्षमता, डबल *साठा)
{
डबल आज = ०.०;
फॉर (इंट क = ०; क < *दिवस; क++) {
आज = आज + आवक[क] - वापर[क];
इफ (आज > *क्षमता) आज = *क्षमता;
इफ (आज < ०) आज = ०;
साठा[क] = आज;
}
}

यात तीन गोष्टी टिपून ठेवा. फंक्शन काहीच परत करत नाही, म्हणून व्हॉइड. उत्तर ते शेवटच्या साठा या जागेत लिहितं. प्रत्येक घटक पॉइंटर आहे, अगदी एकच आकडा असलेली क्षमतासुद्धा, कारण आरमध्ये सुटा आकडा नसतो, एक लांबीचा व्हेक्टर असतो. आणि सीमध्ये मोजणी शून्यापासून, आरमध्ये एकपासून. सुरुवातीला आज शून्य ठेवलं आहे: पहिली जून, तळं कोरडं.

आता टर्मिनल उघडा. आरच्या आत नाही, बाहेर. तिथे हे टाइप करा:

आर सीएमडी एसएचएलआयबी तळे.सी

लिनक्स आणि मॅकवर तळे.एसओ, विंडोजवर तळे.डीएलएल तयार होईल. मग आरमध्ये:

डायन.लोड("तळे.एसओ")
इज.लोडेड("तळे")

दुसऱ्या ओळीचं उत्तर ट्रू आलं पाहिजे. फॉल्स आलं तर नावाचं स्पेलिंग बघा, किंवा फाइल चुकून सी++ म्हणून कंपाइल झाली का ते बघा. सी++ फंक्शनच्या नावाला आपली शेपटी जोडतं, त्यामुळे तिथे एक्स्टर्न "सी" लिहावं लागतं.

बोलवायचं असं:

उत्तर <- .सी("तळे",
आवक = ॲज.डबल(आवक),
वापर = ॲज.डबल(वापर),
दिवस = ॲज.इंटिजर(लेंग्थ(आवक)),
क्षमता = ॲज.डबल(२१९६),
साठा = डबल(लेंग्थ(आवक)))
उत्तर$साठा

२१९६ हा आकडा माझ्या मनाचा नाही. वरून ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर आणि बाजूंना एकास एक उतार धरला तर तळ २४ बाय २४ चा होतो आणि तळ्यात २१९६ घनमीटर पाणी मावतं. आवकसुद्धा घनमीटरमध्येच हवी. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर. त्यातलं किती वाहून तळ्यात येईल ते जमिनीवर ठरतं.

डॉट सी पाठवलेल्या सगळ्या घटकांची यादी परत करतं, म्हणून घटकांना नावं दिली आणि शेवटी डॉलर लावून साठा उचलला.

नाक्यावर तपासणी कुणी करायची

ॲज.डबल आणि ॲज.इंटिजर ही उगाचची भर वाटेल. ती तशी नाही, आणि या लेखातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. आर प्रत्येक गोष्ट तपासून घेते. सी काहीच तपासत नाही. दोघींच्या मध्ये नाका आहे आणि डॉट सीच्या वाटेवर त्या नाक्यावर मालाचा प्रकार उघडून बघणारं कुणी नाही. ते काम तुमचं.

समजा दिवसच्या जागी नुसतं ३६५ लिहिलं. आरमध्ये ३६५ हा डबल आहे, आठ बाइटांचा. सी तिथे चार बाइटांचा इंट वाचायला बसते आणि खालचे चार बाइट उचलते. आपण रोज वापरतो त्या यंत्रांवर, डबलमध्ये साठवलेल्या ३६५ चे खालचे चार बाइट सगळे शून्य असतात. म्हणजे सीच्या लेखी दिवस शून्य! लूप एकदाही फिरत नाही, चूक झाल्याचा संदेश येत नाही, आणि उत्तर म्हणून शून्यांनी भरलेला व्हेक्टर हातात पडतो. माझ्या विद्यार्थिनीने तो आलेख बघून घरी फोन करून सांगितलं होतं की तळं वर्षभर कोरडंच राहणार. आण्णांचा त्यावर विश्वास बसला नाही, म्हणून चूक सापडली.

उलटी चूक आणखी घातक. पावसाची सीएसव्ही फाइल वाचली आणि सगळे आकडे पूर्ण मिलिमीटरमध्ये असले, तर रीड.सीएसव्ही तो स्तंभ इंटिजर म्हणून घेतं. तो तसाच सीला दिला तर सी दोन-दोन पूर्णांक जोडून एक डबल वाचते आणि अर्ध्या वाटेवर व्हेक्टर संपला तरी पुढे वाचत जाते. नशीब बरं असेल तर आर तिथेच कोसळते. बरं नसेल तर कचऱ्यातून आलेले आकडे तुमच्या अहवालात छापले जातात. सुरुवातीच्या काळात मी याच चुकीपायी सेव्ह न केलेलं एका दुपारचं सगळं काम गमावलं आहे. तेव्हापासून सी बोलावण्याआधी स्क्रिप्ट सेव्ह करतो आणि नव्या फंक्शनची पहिली चाचणी वेगळ्या आर सत्रात घेतो.

म्हणून डॉट सी कधी उघडं सोडू नका. त्याभोवती आरचं एक छोटं फंक्शन गुंडाळा आणि तपासणी तिथे करा: स्टॉपइफनॉट लावून लांबी सारखी आहे का, क्षमता एकच आणि शून्याहून मोठी आहे का ते बघा, मग प्रकार बदला, मगच आत पाठवा. चाचणी चालू असेपर्यंत ऑप्शन्समध्ये सीबाउंड्सचेक ट्रू ठेवा. फंक्शनने व्हेक्टरच्या बाहेर लिहिलं तर आर सांगेल.

हरवलेल्या नोंदींचंही ठरवून टाका. पर्जन्यमापकाच्या वहीतली रिकामी जागा म्हणजे पाऊस शून्य, की नोंदच झाली नाही? हे सी ठरवू शकत नाही. डॉट सीला एनए, म्हणजे आरची हरवलेल्या नोंदीची खूण, दिला तर ते सुरुवातीलाच नकार देतं. एनएओके ट्रू केलं तरच आत सोडतं. आत गेलेला एनए डबलमध्ये एनएएनचाच, म्हणजे 'आकडा नाही' या किमतीचाच, एक खास प्रकार असतो (त्याच्या खालच्या चार बाइटांत १९५४ हा आकडा असतो), आणि एनएएनशी केलेली मोठं-लहान तुलना नेहमी खोटी ठरते. आपल्या फंक्शनमधल्या दोन्ही इफ त्यामुळे सुटतात आणि त्या दिवसापासून पुढचा सगळा साठा एनएएन होतो. हे मला योग्य वाटतं. चूक लपण्यापेक्षा दिसलेली बरी. इंटिजरचा एनए मात्र सीला साधा उणे २१४ कोटींचा आकडा दिसतो, आणि तो बेरजेत मुकाट्याने मिसळतो.

दुसरी पायरी: डॉट कॉल

नवं काम सुरू करणार असाल तर डॉट कॉलच शिका. डॉट सी घटकांच्या प्रती काढतं, २१४ कोटींहून जास्त लांबीचे व्हेक्टर स्वीकारत नाही, आणि लांबी वेगळी पाठवावी लागते. डॉट कॉलमध्ये आरची वस्तू जशीच्या तशी सीच्या हातात येते. तिचा प्रकार एसईएक्सपी. फाइलच्या माथ्यावर आर.एच आणि आरइंटर्नल्स.एच हे दोन हेडर जोडा आणि लिहा:

एसईएक्सपी तळे_कॉल(एसईएक्सपी आवक, एसईएक्सपी वापर, एसईएक्सपी क्षमता)
{
आर_एक्सलेन_टी न = एक्सलेंग्थ(आवक);
इफ (एक्सलेंग्थ(वापर) != न)
आरएफ_एरर("आवक आणि वापर यांची लांबी वेगळी");
डबल कमाल = आरएफ_ॲजरिअल(क्षमता), आज = ०.०;
एसईएक्सपी साठा = प्रोटेक्ट(आरएफ_ॲलॉकव्हेक्टर(रिअलएसएक्सपी, न));
डबल *आ = रिअल(आवक), *वा = रिअल(वापर), *सा = रिअल(साठा);
(इथे वरचाच लूप: आवक, वापर, साठा यांच्या जागी आ, वा, सा, *दिवसऐवजी न, *क्षमताऐवजी कमाल, मोजणीचं चल आर_एक्सलेन_टी)
अनप्रोटेक्ट(१);
रिटर्न साठा;
}

कंपाइल आणि लोड पूर्वीसारखंच. आरमध्ये .कॉल("तळे_कॉल", आवक, वापर, क्षमता) लिहिलं की थेट साठ्याचा व्हेक्टर मिळतो. इंटिजर आवक दिली तर रिअल हेच फंक्शन चूक दाखवून थांबतं, म्हणजे या वाटेवर नाक्यावर निदान एक माणूस उभा आहे. तरी गुंडाळणारं आरचं फंक्शन सोडू नका.

प्रोटेक्ट समजून घ्यायला वेळ द्या. आर वापरात नसलेल्या वस्तू अधूनमधून उचलून मेमरी मोकळी करते. ही घंटागाडी केव्हा येईल ते सांगता येत नाही. नवी वस्तू बनवायला गेलात की तेवढ्यात येऊ शकते. सीमध्ये नुकताच बनवलेला साठा आरच्या कुठल्याच चलाला बांधलेला नसतो, म्हणून दाराशी ठेवलेली पिशवी समजून गाडी तो उचलून नेईल. प्रोटेक्ट म्हणजे "ही माझी वस्तू आहे" अशी चिठ्ठी. जितक्या चिठ्ठ्या लावल्या तितक्याच परतण्याआधी अनप्रोटेक्टने काढायच्या. हिशोब चुकला तर आर स्टॅक इम्बॅलन्सचा इशारा देते. बाहेरून आलेल्या घटकांना चिठ्ठी लागत नाही, त्यांना आरने आधीच धरून ठेवलेलं असतं. आरएफ_एररने बाहेर पडलात तर चिठ्ठ्या आर स्वतः काढते.

आपल्या उदाहरणात प्रोटेक्ट विसरलं तरी बहुतेक वेळा काही बिघडणार नाही, कारण त्यानंतर नवी वस्तू बनतच नाही. म्हणूनच ही चूक महिनोन्महिने लपून राहते आणि कोणीतरी दुसरी वस्तू बनवणारी एक ओळ वाढवली की वर येते. शोधायचा उपाय: आरमध्ये जीसीटॉर्चर(ट्रू) लावा आणि फंक्शन छोट्या व्हेक्टरवर चालवा. आर अतिशय मंद होईल, कारण घंटागाडी प्रत्येक वळणावर येईल, पण न धरलेली वस्तू बहुधा लगेच उघडी पडेल.

आणखी एक पथ्य. आत आलेल्या घटकात लिहू नका. आरमध्ये ब <- अ केलं तरी दोन्ही नावं एकाच जागेकडे बोट दाखवत असतात. सीने अ बदलला की ब सुद्धा बदलतो आणि आरला पत्ता लागत नाही. बदलायचंच असेल तर आरएफ_डुप्लिकेटने प्रत काढा आणि तिलाही प्रोटेक्ट करा.

मॅट्रिक्स: उभे धागे

१००० मालिका एकदम पाठवायच्या तर मॅट्रिक्स लागेल. आर मॅट्रिक्स स्तंभानुसार साठवते: पहिला स्तंभ पूर्ण, मग दुसरा. मागावर आधी ताणा भरतात, उभे धागे एकाशेजारी एक लावून घेतात, तसंच हे. सोलापुरात ज्याने एकदा यंत्रमाग बघितला आहे त्याला हे विसरायला होणार नाही. म्हणून दिवस ओळींत ठेवा आणि मालिका स्तंभांत. एक मालिका मेमरीत सलग येईल आणि लूप सरळ धावेल. ओळ क, स्तंभ ज, एकूण ओळी न, तर जागा क + ज × न, दोन्ही शून्यापासून मोजून.

हा गुणाकार इंटमध्ये करू नका. इंटची मर्यादा २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. २० ऐवजी २०० आकार घेऊन सगळं एकाच वस्तूत ठेवायचं म्हटलं तर २१९ कोटी जागा होतात आणि आकडा उलटून ऋण होतो. आर_एक्सलेन_टी वापरा. खरं तर इतकं साठवूही नका, ते साडेसतरा जीबी होईल. शेतकऱ्याला रोजचा साठा नको असतो, तळं वर्षात किती दिवस कोरडं राहिलं ते हवं असतं. तेवढाच आकडा सीमध्ये मोजून परत करा.

आतल्या शिस्ती

लांब लूपमध्ये दर काही हजार पावलांनी आर_चेकयूजरइंटरप्ट बोलवा, नाहीतर थांबवायचं बटण दाबून उपयोग होणार नाही. छापायला प्रिंटएफ नको, आरप्रिंटएफ. एक्झिट कधीच नको. ते आरलाच बंद करतं. तात्पुरती जागा हवी तर आर_ॲलॉक घ्या, कॉल संपला की ती आपोआप सुटते. यादृच्छिक आकडे सीमध्ये काढायचे तर सीचं रँड सोडा आणि आरचं युनिफ_रँड वापरा, आधी गेटआरएनजीस्टेट आणि नंतर पुटआरएनजीस्टेट. तसं केलं तरच सेट.सीड दिल्यावर तुमचं उत्तर दुसऱ्याला तसंच मिळेल.

विंडोजवर लोड केलेली डीएलएल फाइल कुलूपबंद असते. कोड बदलून पुन्हा कंपाइल करण्याआधी डायन.अनलोड करा.

आरसीपीपी

डर्क एडेलब्युटेल आणि रोमाँ फ्रांस्वा यांच्या आरसीपीपी पॅकेजमुळे वरचं बरंच काम हलकं होतं. सी++ फाइलमध्ये फंक्शनच्या वर दोन तिरक्या रेघा देऊन दुहेरी चौकटी कंसात आरसीपीपी::एक्सपोर्ट लिहायचं, घटक न्यूमेरिकव्हेक्टर म्हणून घ्यायचे आणि आरमधून सोर्ससीपीपी चालवायचं. कंपाइल, लोड, प्रोटेक्ट, प्रकार बदलणं, सगळं तेच बघतं. रोजच्या कामाला मी हेच वापरतो. तरी डॉट कॉल आधी शिकवतो, कारण आरसीपीपीतही डबल न्यूमेरिकव्हेक्टर प्रत न होता आत येतो, आणि त्यात लिहिलं तर बाहेरचा मूळ व्हेक्टर बदलतो. इंटिजर दिला तर प्रत होते आणि मूळ शाबूत राहतो. एकच फंक्शन दोन तऱ्हांनी वागताना बघून आतलं माहीत नसलेला माणूस चक्रावतो. बदलायचंच असेल तर आधी क्लोनने प्रत काढा.

इतरांना द्यायचं असेल तर पॅकेज करा. सीच्या फाइली एसआरसी फोल्डरमध्ये, नेमस्पेस फाइलमध्ये यूजडायनलिबची ओळ, आणि नोंदणीचा कोड टूल्स पॅकेजमधलं पॅकेज_नेटिव्ह_रूटीन_रजिस्ट्रेशन_स्केलेटन लिहून देतं.

जुना लूप फेकू नका

विद्यार्थिनीचा पहिला, सुस्त आर लूप आम्ही चाचणीसाठी जपून ठेवला. दोन्हींना तीच आवक द्यायची आणि ऑल.इक्वल लावायचं. नेहमीच्या पावसावर जुळलं म्हणून थांबायचं नाही: वर्षभर शून्य पाऊस, एकाच दिवसात तळं भरून सांडणारा पाऊस, एकच दिवस, शून्य लांबीचा व्हेक्टर, मध्येच एनए, पूर्णांकात दिलेली आवक. शून्य लांबीवर तिचा आर लूपच चुकला, कारण आरमध्ये १:० म्हणजे १ आणि ० अशी दोन पावलं होतात. सीक_अलाँग लावून तो सुधारला. सीचा लूप तिथे बरोबर होता.

त्यानंतर २० आकारांचा पूर्ण हिशोब चहा उकळायच्या आत व्हायला लागला. मग ती आण्णांना फोन लावूनच बसायची. ते पलीकडून बाग कमी-जास्त करायचे, तळ्याची खोली विचारायचे, आणि ती आकडा बदलून तिथल्या तिथे सांगायची की मे महिन्यात किती दिवस टँकर लागेल.